सर, मॅडम, तुम्ही ग्रुपमध्ये या

प्रति,
मा. अधिष्ठाता, विभागप्रमुख आणि सर्व अध्यापक,
धुळे, जळगाव आणि नंदुरबार जिल्ह्यांतील वैद्यकीय महाविद्यालये

सविनय नमस्कार.

मी सातपुड्याच्या पायथ्याला एका ग्रामीण रुग्णालयात वैद्यकीय अधिकारी आहे. दरवर्षी तुमच्याकडचे इंटर्न आमच्याकडे पोस्टिंगला येतात. सक्तीच्या सरकारी सेवेच्या बाँडवर आलेली मुलं-मुली आसपासच्या प्राथमिक आरोग्य केंद्रांत रुजू होतात. साडेचार वर्षं तुम्ही त्यांना घडवता आणि मग ती आमच्या हाती येतात. चांगली असतात, हे आधीच सांगते. तक्रार करायला हे पत्र लिहीत नाही. त्यांच्या खिशात जो फोन असतो, त्यावर ती दिवसरात्र शिकत असतात आणि त्या शिकण्यात तुम्ही कुठेच नसता, एवढ्यासाठी लिहिते आहे.

गेल्या श्रावणातली गोष्ट आधी सांगते. कानबाईचे रोट, म्हणजे आमच्या खानदेशातला श्रावणातला सण, दोन दिवसांवर आले होते. रात्री अडीचच्या सुमाराला आमच्या तालुक्यातल्या डॉक्टरांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक मेसेज पडला. पाठवणारा डॉक्टर डोंगरातल्या एका आरोग्य केंद्रात तीन महिन्यांपूर्वीच रुजू झालेला. "मुलगा, वय ९. मध्यरात्रीपासून पोटात दुखतंय. दोन उलट्या. ताप नाही. पोट मऊ आहे. आता गिळायला त्रास होतोय म्हणतो. काय असेल?" तिथे रेंज फक्त व्हरांड्याच्या एका टोकाला, पाण्याच्या टाकीजवळ येते. तिथे जाऊन त्याने एवढं लिहिलं होतं.

मी जागी होते, आमच्याकडे एक बाळंतपण चाललं होतं. मी काही टाइप करायच्या आत धुळ्याच्या एका फिजिशियन सरांनी विचारलं, "पापण्या बघ. आणि झोपला कुठे होता?" दोन मिनिटांनी उत्तर आलं, "जमिनीवर, सर. डोळे अर्धे मिटलेत, मला वाटलं झोप येतेय." त्यानंतर मेसेज एकामागून एक येत गेले. मण्यार समजून चाल. चावल्याची खूण शोधत बसू नको, मण्यारची खूण बहुधा दिसतच नाही. एका श्वासात आकडे म्हणायला लाव, कितीपर्यंत जातो ते लिहून ठेव. एएसव्हीच्या, म्हणजे सर्पविषावरच्या औषधाच्या, बाटल्या किती आहेत? दहा? दहाही लाव, लहान मूल आहे म्हणून कमी करू नको. ॲड्रेनलिन भरून हाताशी ठेव, ॲम्बू, म्हणजे हाताने दाबून श्वास द्यायची पिशवी, उशाशी ठेव. गोठतं का ते बघायला रक्त नळीत घे आणि वीस मिनिटं अजिबात हलवू नको. नळी काचेची आहे ना? प्लॅस्टिकची नको, साबणाने धुतलेलीही नको.

पोरगा आधी एका श्वासात २२ पर्यंत गेला, मग १४ पर्यंत, मग ९. श्वास कमी पडत चालला होता. तोवर १०८ आली होती. सगळा घाट तो डॉक्टर गाडीत ॲम्बू दाबत उतरला. मूल पुढे व्हेंटिलेटरवर गेलं आणि काही दिवसांनी चालत घरी आलं.

मण्यारचं विष नसेच्या टोकावर काय करतं, हे तो डॉक्टर कधीही घडाघडा म्हणून दाखवेल. त्याला त्यात मार्कही चांगले होते. पण मण्यार पोटदुखीचं सोंग घेऊन येते, डोळ्यांवरची झोप ही झोप नसू शकते, आणि पावसाळ्यात पोट दुखणाऱ्या मुलाला "कुठे झोपला होतास?" हे पहिल्यांदा विचारायचं, हे तो त्या रात्री शिकला. त्याच्याबरोबर ग्रुपवरचे आम्ही तीसेक जणही शिकलो. आता आमच्या तालुक्यात हा प्रश्न न विचारता कोणी पुढे जात नाही. इतका चांगला क्लास मी कॉलेजातही क्वचितच केला असेल. पण तो तुमच्या कुठल्याही हजेरीपटावर नाही आणि त्या डॉक्टरच्या लॉगबुकात नाही. धुळ्याच्या त्या सरांनी झोपमोड करून जे शिकवलं, त्याची अध्यापन म्हणून कुठे नोंदही झालेली नाही.

ही काही आमच्या तालुक्याची नवलाई नाही. तातडीच्या उपचारांत काम करणाऱ्या डॉक्टरांनी २०१२ साली डब्लिनला जमलेले असताना इंटरनेटवरच्या अशा खुल्या, फुकट शिक्षणाला 'फोम' हे नाव दिलं आणि तेव्हापासून जगभरचे शिक्षक त्यात उघडपणे, आपल्या नावानिशी शिकवत आले आहेत. मला त्याहून जवळचं वाटणारं उदाहरण अमेरिकेतल्या न्यू मेक्सिकोचं आहे. डोंगर, वाळवंट, लांब लांब विखुरलेली गावं, तज्ज्ञ काय ते एका शहरात. नंदुरबारच्या माणसाला हे वर्णन वेगळं समजावून सांगावं लागणार नाही. तिथल्या विद्यापीठात काम करणारे मूळ भारतीय डॉक्टर संजीव अरोरा यांनी २००३ साली एक सोपी पद्धत सुरू केली. आठवड्याला ठरलेल्या वेळी गावोगावचे डॉक्टर व्हिडिओवर एकत्र यायचे, एकेक जण आपला हेपॅटायटिस सी चा रुग्ण नावगाव न सांगता मांडायचा आणि तज्ज्ञ सगळ्यांसमोर बोलायचे. २०११ मध्ये त्याचे निकाल छापून आले. विद्यापीठाच्या दवाखान्यात ५७.५ टक्के रुग्ण बरे झाले होते, आणि गावच्या डॉक्टरांच्या हातून ५८.२ टक्के. गावचा डॉक्टर कुठे कमी पडला नाही, कारण त्याचा शिक्षक दर आठवड्याला त्याच्याबरोबर बसत होता.

आपल्याकडे धुळ्याचं शासकीय महाविद्यालय जुनं आहे. जळगावचं २०१८ साली आलं, नंदुरबारचं २०२० साली. खाजगी महाविद्यालयं वेगळी. एवढे शिक्षक खानदेशात याआधी कधीच नव्हते. आणि पावसाळ्यात चांदसैली घाटात दरड कोसळली की धडगाव आजही तितकंच लांब पडतं.

आता दुसरी गोष्ट. ही सांगायला मला बरीच वर्षं लागली.

मी तेव्हा निवासी डॉक्टर होते. रुग्णालय कोणतं ते लिहीत नाही, कारण हे कुठेही घडलं असतं. आमच्या वॉर्डात एक मावशी दाखल होत्या, केळीच्या बागेत मजुरीला जाणाऱ्या. अंडाशयाची गाठ वाढत वाढत पोट नऊ महिने भरल्यासारखं झालं होतं. नवरा वारून काही वर्षं झाली होती. गावात काय कुजबुज चालली असेल ते तुम्ही ओळखलं असेल. त्या इतक्या उशिरा दवाखान्यात आल्या त्याचं कारणही तेच होतं.

युनिटमधल्या एका विद्यार्थ्याने फोटो काढला. "मावशी, एक फोटो काढू का?" असं विचारून काढला. त्या "काढा" म्हणाल्या. एक्स-रे काढतात तसंच काहीतरी कागदाला लागत असेल, असं त्यांना वाटलं. ऑपरेशनच्या संमतीपत्रावर त्यांचा अंगठा होता, पण फोटोबद्दल कोणी काही लिहून घेतलं नव्हतं. मुलाने चेहरा कापला आणि फोटो बॅचच्या अभ्यासाच्या ग्रुपवर टाकला, खाली प्रश्न लिहून: निदान काय? त्याचा हेतू वाईट नव्हता. तो अतिशय सालस आणि अभ्यासू मुलगा होता.

चेहरा कापला, पण पोटावर टेकलेला हात फोटोत राहिला. त्या हातावर मनगटापासून वर नाव गोंदलेलं होतं, त्यांचं स्वतःचं, ठसठशीत. बाजूला खाटेवर पडलेल्या लुगड्याचा काठही ओळखू येत होता. फोटो एका ग्रुपवरून दुसऱ्यावर गेला, कोणीतरी तो स्टेटसला ठेवला आणि तिसऱ्या दिवशी तो त्यांच्या पुतण्याच्या फोनवर होता. आपल्याकडे कोण कोणाच्या नात्यात निघेल सांगता येत नाही. रावेरचा माणूस शिरपुरात मामा सांगतो आणि साक्रीला मावशी.

टाके काढायला मी गेले तेव्हा त्यांनी पदर पोटावर घट्ट धरून ठेवला होता. मी दोनदा सांगितलं, तरी सोडेनात. मग भिंतीकडे बघत म्हणाल्या, "मनं पोट बठा गावनी दखं. आते तुमी बी दखा." माझं पोट सगळ्या गावाने पाहिलं, आता तुम्हीही पाहा.

ऑपरेशन नीट झालं होतं. गाठ साधी निघाली. पण तो रिपोर्ट गावापर्यंत पोचला नाही, फोटो पोचला.

त्या ग्रुपवर मीही होते. फोटो पडला तेव्हा मी अंगठा दाखवून "छान केस" असं लिहिलं होतं. तो फोटो तिथे असू नये हे मला तेव्हा जाणवलंच नाही, कारण तसं मला कोणी कधी शिकवलं नव्हतं. पुस्तकात गोपनीयता होती. हिप्पोक्रेटिसची शपथही आम्ही घेतली होती. पण हातावरचं गोंदण म्हणजे ओळख, लुगड्याचा काठ म्हणजे ओळख, मागे खाटेला लावलेला केसपेपर म्हणजे ओळख, हे कोणी वॉर्डात उभं राहून, बोट दाखवून सांगितलं नव्हतं. सांगणारा शिक्षक त्या ग्रुपवर नव्हता.

का नव्हता, हेही खरं खरं सांगते. आम्हीच शिक्षकांना त्यात घेतलं नव्हतं. वॉर्डाच्या दारावर 'मोबाईल वापरण्यास सक्त मनाई' अशी पाटी होती. राउंडला फोन दिसला की ओरडा बसायचा. त्यामुळे फोन ॲप्रनच्या खिशात गेला आणि ग्रुप तुमच्या नजरेआड गेला. फोटो काढायचे थांबले नाहीत. ते काढताना शेजारी कोणी मोठं माणूस उभं राहायचं तेवढं थांबलं. आज माझ्याकडे येणाऱ्या प्रत्येक इंटर्नला मी विचारते, तुमच्या बॅचच्या ग्रुपवर एखादे सर किंवा मॅडम आहेत का? हसतात. "मॅडम, सर असलेला ग्रुप वेगळा असतो, तिथे फक्त नोटिसा येतात."

नियम नाहीत असं नाही. डॉक्टरांच्या आचारसंहितेच्या २००२ च्या नियमांत स्पष्ट लिहिलं आहे की रुग्णाची ओळख पटेल असा फोटो किंवा माहिती त्याच्या परवानगीशिवाय कुठल्याही नियतकालिकात छापायची नाही. ओळख उघड होणार नसेल तर परवानगीची गरज नाही, असंही तिथेच म्हटलं आहे. हे लिहिताना कोणाच्या डोळ्यांसमोर स्टेटस नव्हतं. राष्ट्रीय आयुर्विज्ञान आयोगाने २ ऑगस्ट २०२३ ला नवे नियम काढले. त्यात समाजमाध्यमांवर डॉक्टरांनी कसं वागावं यावर स्वतंत्र मार्गदर्शन होतं, रुग्णांचे फोटो आणि स्कॅन टाकू नयेत असंही होतं. पण दुसऱ्या कारणांवरून वाद झाला आणि महिना संपायच्या आत ते सगळेच नियम स्थगित झाले. पुन्हा २००२ वर आलो. म्हणजे 'ओळख पटेल असा' या तीन शब्दांचा अर्थ लावणं विद्यार्थ्यावर सोडलं आहे. तो अर्थ त्याला शिकवायचा कोणी? त्याशिवाय एचआयव्हीचा २०१७ चा कायदा आहे, मानसिक आरोग्याचा २०१७ चा कायदा आहे, मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धचा पोक्सो कायदा आहे, आणि प्रत्येकात रुग्णाची किंवा पीडिताची ओळख उघड करण्यावर बंधनं आहेत. इंटर्नना विचारा, कलमं राहू द्या, पण यातलं नक्की काय फोनवर पाठवणं हा गुन्हा ठरू शकतो ते सांगता येतं का बघा.

आणि दुसऱ्या बाजूने, डॉक्टरांनी फोनवर एकमेकांशी बोलूच नये असंही कोणी म्हटलेलं नाही. २५ मार्च २०२० च्या टेलिमेडिसिनच्या मार्गदर्शक सूचनांनी एका डॉक्टरने दुसऱ्याचा सल्ला घेणं मान्य केलं आहे आणि त्यात व्हॉट्सॲपसारख्या साधनांचा नावाने उल्लेख आहे. दार उघडं आहे. आपण विद्यार्थ्याला फक्त पाटी दाखवतो.

फेब्रुवारी २०२४ मध्ये कर्नाटकात गदगला रुग्णालयाच्या आवारात रील केल्याबद्दल ३८ विद्यार्थ्यांवर कारवाई झाली. बातमी सगळीकडे फिरली. आपल्याकडेही परिपत्रकं निघाली असतील. कारवाई व्हायला हवी, त्याबद्दल माझं दुमत नाही. पण रील करणारा विद्यार्थी निदान दिसतो तरी. त्या मावशींचा फोटो टाकणारा मुलगा रील करत नव्हता, अभ्यास करत होता. त्याला शिक्षा करून काय साधलं असतं? त्याला कोणीतरी आधी शिकवायला हवं होतं.

२०१९ पासून अभ्यासक्रम बदलला आहे. वृत्ती, नीतिमत्ता आणि संवाद यांचे तास आता पहिल्या वर्षापासून आहेत, हे मला ठाऊक आहे आणि त्याचा फरकही दिसतो. आताचे इंटर्न आमच्यापेक्षा रुग्णाशी नीट बोलतात. पण ते तास लेक्चर हॉलमध्ये होतात आणि फोटो काढला जातो खाटेपाशी. मधलं अंतर तुम्हीच भरू शकता.

मुलं आज कशावर शिकतात तेही बघा. रात्री दीडपट वेगाने यूट्यूब, पैसे भरून घेतलेली ॲप्स, टेलिग्रामवर फुकट मिळणाऱ्या पीडीएफ, इन्स्टाग्रामवर तीस सेकंदांत ईसीजी. मी त्यांना नावं ठेवणार नाही. मी स्वतः अवघड प्रसूतीतले काही हात असेच व्हिडिओवर पुन्हा पुन्हा पाहून पक्के केले आहेत, आणि त्या अनोळखी शिक्षकांचे माझ्यावर उपकार आहेत. पण त्या केसेस पुढे कशा गेल्या, ते तिथे कळत नाही. निदान झालं, टाळ्या पडल्या, पुढची रील. पेशंट वाचला का? औषध लागू पडलं का, की आठ दिवसांनी दुसरंच काही निघालं? आपण डॉक्टर म्हणून जे शिकलो ते आठव्या दिवसाने शिकवलं. शिवाय तिथे चमकदार केस लागते. सिकलसेल या रक्ताच्या आजाराची मुलगी पाचव्यांदा हाडं दुखतात म्हणून आली, आणि तिला 'नाटक करते' म्हणून परत पाठवायचं नसतं, हे रीलमध्ये कोण सांगणार? नंदुरबारच्या डॉक्टरला तर रोज तेच लागतं. मे महिन्यात भुसावळकडे ४५ अंशांच्या वर पारा जातो, तेव्हा शेतातून उचलून आणलेल्या माणसाला बर्फ आधी की सलाईन आधी, पाणी अंगावर मारून पंखा कसा लावायचा, घाम आहे म्हणून उष्माघात नाही असं का धरायचं नाही, हे ज्याने दरवर्षी केलंय तो शिक्षक जळगावात बसलेला आहे आणि त्याचा विद्यार्थी ते परदेशातल्या कोणाकडून शिकतो.

त्वचेचंही असंच. पुस्तकातली, नेटवरची पुरळं बहुतेक गोऱ्या कातडीवरची असतात. लाल डाग, गुलाबी चट्टा. आमच्या पावरा-भिल्ल लेकरांच्या सावळ्या अंगावर गोवर तसा लाल दिसत नाही. निळेपणा ओठांच्या आत बघावा लागतो. फिकटपणा पापणीच्या आत आणि तळहातावर बघावा लागतो. हे शिकायला आपल्याच माणसांचे फोटो लागतील. म्हणून फोटो काढूच नका असं मी म्हणत नाही. ते फोटो विचारून काढलेले असावेत, तुमच्या विभागाच्या ताब्यात असावेत, आणि त्यांच्यामागे तुमचं नाव असावं.

तर माझं मागणं असं आहे. प्रत्येक विभागाने निदान एक ग्रुप स्वतः चालवावा, ज्यात तुमचे विद्यार्थी, इंटर्न आणि बाहेर आरोग्य केंद्रांत गेलेले तुमचेच जुने विद्यार्थी असतील आणि ज्याची जबाबदारी एका शिक्षकाच्या नावावर असेल. तो वेळ त्या शिक्षकाच्या कामाच्या तासांत धरावा, नाहीतर दोन महिन्यांत ग्रुप वाढदिवसाच्या शुभेच्छांवर येईल. आठवड्याला एक तास व्हिडिओवर केस मांडायची सवय लावावी. जिथे रेंज नाही तिथल्यांसाठी चर्चा दोन-चार ओळींत लिहून ठेवावी, व्हिडिओ उघडत नाही तिथे मजकूर उघडतो. आणि जी केस मांडली तिचं पुढे काय झालं हे सांगितल्याशिवाय ती बंद करू नये. वाईट झालं असेल तर तेही सांगावं, आणि ते सांगायची सुरुवात शिक्षकांनी करावी. विद्यार्थी आपली चूक तेव्हाच सांगतो, जेव्हा सरांनी आधी आपली सांगितलेली असते.

तोंडी परीक्षेत विद्यार्थ्यासमोर फोन ठेवून एखादी रील लावा आणि विचारा, यातलं किती खरं आहे, कशावरून? मला वाटतं, एका वर्षात फरक दिसेल.

आणि फोटोचा नियम. मी आमच्या रुग्णालयात दोन वर्षांपासून एकच नियम पाळते: पाठवण्याआधी फोटो रुग्णाला दाखवायचा. फोन त्याच्या हातात द्यायचा. बहुतेक लोक फोन डोळ्यांजवळ नेऊन नीट बघतात. एका आजीने कोपऱ्यात दिसणारा आपला बटवा दाखवला, "हाऊ काढी टाका, सगळा वळखतीस." एका बापाने लेकराच्या गळ्यातला ताईत दाखवला. मला त्यातलं काहीच खटकलं नव्हतं. आपली ओळख कशात आहे हे त्या माणसाला जेवढं कळतं तेवढं आपल्याला कधीच कळणार नाही, म्हणून त्यालाच विचारायचं. नको म्हणाला तर फोटो त्याच्यासमोर पुसायचा, आणि उपचारात रेसभरही फरक पडणार नाही हे बोलून दाखवायचं. इंटर्नना मी आणखी एक करायला लावते. व्हॉट्सॲपचे फोटो आपोआप गॅलरीत उतरतात आणि तिथून घरच्या बॅकअपला जातात, ते बंद करायचं. एका मुलीच्या भावाने घरच्या टीव्हीवर लग्नाचे फोटो लावले आणि मधेच एक भाजलेला हात आला. ती दुसऱ्या दिवशी रडत सांगत होती.

हे सगळं करायला नवा निधी लागत नाही, मंजुरीची वाट बघावी लागत नाही. आमच्या रुग्णालयाची आणि आसपासच्या चार आरोग्य केंद्रांची तयारी आहे. दर गुरुवारी दुपारी २ ते ३ ओपीडी उरकलेली असते. तुमच्यापैकी एका विभागाने हो म्हटलं तर पुढच्या महिन्यापासून बसू. पहिली केस त्या नऊ वर्षांच्या मुलाची मांडायची असं त्या डॉक्टरने स्वतःहून सांगितलं आहे. त्याच्या आईवडिलांना विचारून झालं आहे.

फोटोसाठीच्या संमतीचा एक कागद मी तयार केला आहे, एका बाजूला मराठी, दुसऱ्या बाजूला अहिराणी. पावरी आणि भिली भाषेत आमच्या आशाताई करून देणार आहेत. तो कागद घेऊन गेल्या महिन्यात मी त्या मावशींच्या गावी गेले. हे पत्र लिहू का, हेही त्यांना विचारायचं होतं. त्यांनी लिहा म्हटलं, आणि गोंदणाचं लिहा असंही त्याच म्हणाल्या. मग मी ओट्यावर बसून कागद वाचून दाखवला. त्यांनी शेवटपर्यंत ऐकला आणि म्हणाल्या, "फोटो कोठे कोठे जाई ते बी लिखा. आनि नंतर मी नही म्हनं तं वापस येई का?"

मी म्हटलं, नाही मावशी, वापस नाही येत.

"मंग ते पहिले लिखा."

तसं लिहिलं आहे. कागदाची पहिली ओळ आता अशी आहे: 'एकदा पाठवलेला फोटो परत आणता येत नाही.' त्याखाली तो कोणाकोणाला दिसेल त्याची जागा सोडली आहे. ती तुमच्या विभागाने भरायची आहे. प्रत सोबत जोडली आहे.

आपली विद्यार्थिनी,
वैद्यकीय अधिकारी, ग्रामीण रुग्णालय